पिरॅमिडखालचा टोमॅटो

४ मार्च

कारखान्यात रोज संध्याकाळी लॉगबुक भरायचो. किती पत्रा कापला, एसीच्या हवेचे किती डक्ट झाले, कोणतं मशीन कुरकुरलं. बारा आठवडे घरी बसून आहे, लिहिण्यासारखं काही घडलं नाही. आज घडलं.

वाचनालयाच्या सभागृहात व्याख्यान होतं. हिने जवळजवळ ढकलूनच नेलं. (ही म्हणजे बायको. एकवीस वर्षांत नावाने हाक मारली नाही, आता वहीत कशाला मारू.) एक निवृत्त सर बोलत होते. विषय, पिरॅमिड कशासाठी बांधले. थडगी म्हणून नाही, म्हणाले. खुफू राजाच्या पिरॅमिडात प्रेत सापडलंच नाही, नुसती रिकामी दगडी पेटी. मग कोणी म्हणतं ती धान्याची कोठारं, कोणी म्हणतं नदीचं पाणी उचलणारा पंप, कोणी वीजघर. सरांचं मत वेगळं. तो आकार हेच यंत्र. त्याच्या पोटात ठेवलेली वस्तू सडत नाही.

एरवी मी हसलो असतो. पण त्यांनी दगडांच्या सांध्याचं चित्र दाखवलं. सुरीचं पातं शिरणार नाही असा सांधा. बावीस वर्षं मी सांधेच जुळवत आलोय. एवढी फिटिंग करणारा माणूस नुसतं प्रेत झाकायला करेल?

परत येताना सगळा रस्ता बोलत होतो. घराच्या पायऱ्यांपाशी ही थांबली. म्हणाली, "अहो, बारा आठवड्यांत मिळून तुम्ही एवढं बोलला नव्हतात." डोळे पुसले. कचरा गेला म्हणे.

८ मार्च

तांब्याच्या पत्र्याचा पिरॅमिड केला. पाया एक फूट, बाजूचा कोन एक्कावन्न अंश आणि वर पन्नास मिनिटं. डाव्या हाताची दोन बोटं मशीनने नेल्यापासून पत्रा धरायची भीती बसली होती. पक्कड गुडघ्यात दाबून धरली आणि सांध्यांना कथलाचा डाग दिला. चार तास लागले. पूर्वी पाऊण तासाचं काम.

ताई जिना चढून बघायला आली. (सख्खी बहीण, सोळा वर्षांनी मोठी, खाली एकटी राहते. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं.) म्हणाली, "धाकट्या, हे टोपडं कुणाच्या डोक्यावर घालणार?"

९ मार्च

प्रयोग सुरू. एकाच गाड्यावरचे दोन टोमॅटो. अ पिरॅमिडखाली, एक तृतीयांश उंचीवर, बाजू बरोबर उत्तरेला. ब तेवढ्याच पुठ्ठ्याच्या खोक्याखाली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन घेतलं. अ ८८ ग्रॅम, ब ९०. रोज सकाळी आठला नोंद करणार. बनवाबनवी नको. सरांचं खोटं निघालं तर तसं लिहायचं.

१४ मार्च

अ ८४ ग्रॅम, खालच्या अंगाला काळा डाग, बोट दाबलं तर आत जातं. ब चीही तीच गत. काही फरक नाही.

दिवसभर पडून होतो. जेवलो नाही. ही दोनदा येऊन उभी राहिली.

१५ मार्च

विश्वास बसत नाही. अ चा काळा डाग गेला. साल घट्ट. देठ काल वाळला होता, आज हिरवा. वजन ९१ ग्रॅम. सात ग्रॅम वाढ! काटा दोनदा तपासला. ब जास्तच खराब झालाय.

हवेतला ओलावा आत ओढून घेत असणार. हिला हाक मारून दाखवलं. तिने धड बघितलंही नाही, "बरं झालं" म्हणाली आणि चहा ठेवला. कापडाच्या कारखान्यात दिवसभर कातरकाम करणाऱ्या बाईला यातलं काय कळणार. पण मी दोन घास जास्त खाल्ले म्हणून खूष होती.

२४ मार्च

ब कधीच फेकला. अ पंधराव्या दिवशी ताजा. मधे मधे मऊ पडतो आणि पुन्हा उभारी धरतो, वजन ८२ पासून ९५ पर्यंत खालीवर होतं. सर म्हणाले हा श्वास आहे. आकार श्वास घेतो. आज ते मुद्दाम घरी आले. वही पूर्ण वाचली. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आम्ही नुसतं बोलतो. तुम्ही मोजलंत." बोटं गेल्यापासून लोक माझ्याशी हळू आवाजात बोलतात. हा माणूस मोठ्याने बोलला.

वीस मेला त्यांचं मोठं संमेलन आहे. मी तिथे ही वही वाचून दाखवायची.

ताई बसलेली होती. तिला एकोणीस वर्षं साखरेचा आजार, सकाळ संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन. नव्या चपलेने उजव्या पायाच्या बोटांना जखम झालीय, भरत नाही. सरांना म्हणाली, "टोमॅटोला जमतं, मग माझ्या पायाला का जमू नये?" सर हसले. "औषध बंद करा असं मी कुणालाच सांगत नाही. शरीरच एक दिवस सांगतं, आता पुरे."

ही कपबशा उचलत होती. एक बशी हातातून निसटली.

२ एप्रिल

ताईसाठी मोठा सांगाडा केला. तांब्याची नळी, आत खुर्ची मावते. तिच्या खोलीत उत्तरेकडे तोंड करून ठेवला. ती आत बसली, मला म्हणाली, "राणी दिसते का रे?" तासभर बसली.

हिला आवडलं नाही. "अहो, टोमॅटो वेगळा आणि माणूस वेगळा."

म्हटलं, "तू रोज बघतेस ना टोमॅटो?"

ती पाठ वळवून कामाला लागली.

११ एप्रिल

ताईचं वजन दोन किलो उतरलं. कित्येक वर्षं डॉक्टर वजन उतरवा म्हणून ओरडत होते. नोंद केली.

१९ एप्रिल

आणखी दीड किलो. तहान फार लागते, उशाशी तांब्या कमी पडतो म्हणून बादलीच भरून ठेवलीय. सारखी बाथरूमला जाते. सरांना फोन केला. शुद्धी चालू आहे म्हणाले. जखम थोडी काळपट दिसते. खपली धरत असावी.

२६ एप्रिल

औषधांच्या दुकानात माझ्या मलमासाठी गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "या महिन्यात ताईंची इंजेक्शनं न्यायला आला नाहीत." खरंच की, तिने सांगितलंच नाही. विचारलं तर म्हणाली, "आहेत रे अजून. उगाच साठा कशाला?" बरोबर आहे. ताई पहिल्यापासून काटकसरी.

२९ एप्रिल

हिच्याशी भांडण. जेवताना म्हणाली, "वन्सं इंजेक्शन घेतात ना? तुम्ही डोळ्यांनी बघितलंत?"

म्हटलं, ती काय लहान आहे?

"त्यांचे गाल बसलेत. मला भीती वाटते. मला तुम्हाला एक सांगायचंय, त्या प्रयोगाचं..."

मी ताट सरकवलं. म्हटलं, "प्रयोगाबद्दल एक शब्द नको. या हाताने आता कुठलं मशीन चालणार नाही. माझ्याकडे एवढंच उरलंय. ते तरी राहू दे."

तिने ताट पुन्हा माझ्यापुढे ओढलं. मग म्हणाली, "वाढू का अजून?"

६ मे

ताईच्या खोलीत वास येतो. पायाचा असावा. अंगात कणकण आहे. तरी सांगाड्यात दोन वेळा बसते. म्हटलं डॉक्टरांना दाखवू. "संमेलन होऊ दे तुझं," म्हणाली. "मी बरी होऊन पुढच्या रांगेत बसणार आहे."

हिने आज कामावरून लवकर येऊन ताईला दवाखान्यात नेते म्हटलं. ताईने दार आतून लावून घेतलं. दोघींचं काय बिनसलंय कळत नाही.

अ आज ८९ ग्रॅम.

१० मे, रुग्णालय

काल सकाळी ताई हाकेला ओ देईना. दार तोडलं. सांगाड्यातल्या खुर्चीत एका बाजूला कलंडली होती. धावून आल्यासारखा श्वास. तोंडाला पिकलेल्या फळासारखा गोड वास. मला ओळखलं नाही. मला "बाबा" म्हणाली.

डॉक्टरीण बाईंनी रक्त बघून विचारलं, इन्सुलिन कधीपासून बंद आहे? मी म्हटलं, बंद नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बघितलं. हिने घरी जाऊन ताईचा फ्रीज उघडला. मार्चच्या शेवटी मी आणून दिलेली पेटी. एक कुपी वापरलेली, बाकी जशीच्या तशी.

महिनाभर मी वजन लिहीत होतो. तहान लिहीत होतो. सगळं माझ्या अक्षरात, तारखेनिशी लिहिलेलं आहे. डॉक्टरीण बाईंना वही दिली. त्यांनी दोन पानं वाचली आणि म्हणाल्या, "हे सगळं दिसत होतं तुम्हाला?"

११ मे

ताई अजून शुद्धीवर नाही. दुपारी बाकावर ही शेजारी बसली. समोर बघत म्हणाली, "टोमॅटो मी बदलत होते."

मला वाक्य कळलं नाही. पुन्हा म्हणाली.

"किती?"

"मोजले नाहीत. मऊ पडला की बदलायचे. सकाळी तुम्ही उठायच्या आत."

ताई आत मरणाच्या दारात पडलेली, आणि मला आधी काय आठवलं तर ते सात ग्रॅम. अच्छा, म्हणून वाढले. लिहायला लाज वाटते, पण असंच झालं.

"का?"

"त्या दिवशी तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होतात. बोटं गेली तेव्हा पडायचात तसे. वाटलं, एकदाच. एकच टोमॅटो. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला हाक मारलीत. इतक्या आठवड्यांनी मला हाक मारलीत. मग थांबता येईना."

"आणि ताई त्यात बसायला लागल्यावर?"

"तीनदा तोंड उघडलं. तुम्ही बोलू दिलं नाहीत असं म्हणणार नाही. मीच भ्याले." मग हळू म्हणाली, "वन्संना काही झालं तर ते माझ्यावर."

मी उठून जिन्यापर्यंत गेलो. तिला काहीतरी लागेलसं बोलायचं होतं. पण इंजेक्शनं कोण आणून द्यायचं? मी. वजन उतरलं म्हणून कोण खूष झालं? मी. परत येऊन बसलो. आमच्यामध्ये एक माणूस बसेल एवढी जागा होती.

१३ मे

ताई वाचली. उजव्या पायाची दोन बोटं काढली. संध्याकाळी डोळे उघडून तिने विचारलं, "माझी चप्पल कुठाय?"

१५ मे

तिला सगळं सांगितलं, टोमॅटोसकट. ही दारात उभी होती. ताई ऐकून घेऊन मला म्हणाली, "तुझ्यामुळे झालं असं समजून रडत बसू नकोस. एकोणीस वर्षं सुया टोचून घेतल्यात. कंटाळले होते. निमित्त हवं होतं, तू दिलंस." मग हिच्याकडे वळून, "आणि तू. मला तरी सांगायचंस. मी त्याला सांगितलं नसतं."

ही तिथेच खाली बसली आणि रडली. मी पाणी आणायला गेलो. पाणी आणायचं हे एक काम तरी मला जमतं.

मला सुटल्यासारखं वाटलं नाही. ताईने निम्मा भार स्वतःवर घेतला, पण माझा निम्मा तेवढाच जड आहे.

१६ मे

सर भेटायला आले. मी टोमॅटोचं सांगितलं. ते जराही हलले नाहीत. "एका प्रयोगाने सिद्धांत पडत नाही. तुमच्या घरात शंका होती, शंकेने ऊर्जा अडते. पहिले पाच दिवस सोडून देऊ. बाकीचं वाचा."

"बाकीचंच तर खोटं आहे."

"लोकांना आशा लागते," सर म्हणाले. "तुम्हालाही लागत होती की."

खरं आहे, लागत होती. वही घेऊन संमेलनाला येतो म्हणालो.

हिने बाजारातून दोन टोमॅटो आणि एक कुलूप आणलं. एकेक टोमॅटो खाली घालून पिरॅमिड आणि खोकं दोन्ही कपाटात ठेवली, कुलूप लावलं, दोन्ही किल्ल्या माझ्या हातात दिल्या.

१९ मे

चौथा दिवस. उकाडा खूप आहे. दोन्ही टोमॅटो सारखेच सडले. पिरॅमिडखालच्याला बुरशी आधी आली, पण ते योगायोगाने असेल. सिद्ध झालं असं म्हणणार नाही.

वाचनालयात पुस्तकं परत करायला गेलो. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "पिरॅमिडांवरची सगळी नेलीत, हे एक नेलं नाहीत." आत उत्खननाची माहिती होती. पिरॅमिड बांधणारे मजूर तिथेच जवळ पुरलेले आहेत. त्यांची हाडं तपासली आहेत. पाठीचे मणके झिजलेले. मोडलेले हात फळी बांधून नीट जुळवलेले. काहींचा हात किंवा पाय कापावा लागला होता आणि त्यानंतरही ते जगले होते, हाड भरून आलं होतं.

तेवढंच पान उभ्याने तीनदा वाचलं. हात गेलेला माणूस दगड ओढू शकत नाही. म्हणजे कुणीतरी त्याला बसवून खायला घातलं असणार.

२० मे

सभागृह भरलेलं. मला शेवटी ठेवलं होतं, सरांना वाटलं असेल लोक तोवर उठतील. कुणी उठलं नाही.

वही वाचली. १४ मार्चचा काळा डाग, १५ मार्चचा हिरवा देठ. लोक हसले. त्यांना वाटलं गंमत चाललीय. मग शेजारी शेजारी दोन नोंदी वाचल्या, टोमॅटोचं वजन आणि ताईचं वजन. हसणं थांबलं. टोमॅटो घरातल्या माणसाने बदलले, माझ्यावरच्या मायेने बदलले, एवढंच सांगितलं. कोणी ते विचारलं गेलं, सांगितलं नाही. हिने येऊ नये असं मी म्हटलं होतं, पण ती शेवटच्या रांगेत होती.

म्हटलं, "पिरॅमिड कशासाठी बांधला ते मला ठाऊक नाही. थडगं असेलही. मी मोजलं ते खोटं होतं, एवढं ठाऊक आहे. आणि ज्यांनी बांधला त्यांची मोडलेली हाडं कुणीतरी बांधून दिली होती, हे पुस्तकात आहे. आकाराने जुळली नव्हती."

शेवटी एकाने चुकून टाळी वाजवली आणि लगेच थांबवली. सर म्हणाले, चहाची सोय बाहेर आहे.

दारात एक बाई आडव्या आल्या. सोबत आठ नऊ वर्षांची मुलगी. "तो बसायचा सांगाडा केवढ्याला पडेल?"

मला वाटलं त्यांनी ऐकलं नाही. म्हटलं, मी आत्ता काय सांगितलं?

"ऐकलं. तुमच्या ताईंचं वेगळं असेल. हिला फिट येतात. गोळ्यांनी दिवसभर पेंगते, शाळेत मुलं चिडवतात. सर म्हणाले, हळूहळू गोळ्या सोडता येतील."

मी पुन्हा सगळं सांगितलं. त्या मान हलवत होत्या आणि मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. शब्द आत जात नव्हते. मार्चमध्ये मीही असाच मान हलवत ऐकत होतो. हिने मागून येऊन त्यांचा हात धरला. "घरी येता का? परवा या. वन्संना उद्या सोडतायत."

२२ मे

त्या आल्या. येतील असं वाटलं नव्हतं. मुलगी दाराशी चिकटून उभी होती. तांब्याचा सांगाडा भिंतीला टेकून ठेवला होता, आल्या आल्या त्यांची नजर तिकडेच गेली.

ताईने काही न बोलता पाय स्टुलावर घेतला, पट्टी सोडली. मलाही अजून नीट बघवत नाही. बाईंनी तोंडावर हात धरला.

"दुखतं?"

"आहेत ती नाही दुखत. गेलेली दुखतात."

मला ते माहीत आहे, पण ताईच्या तोंडून ऐकवेना. खिडकीशी गेलो.

बाईंनी मुलीला जवळ ओढलं. मग हळूच म्हणाल्या, "रागावू नका, पण... तुमचा विश्वास कमी पडला असेल का?"

"विश्वास भरपूर होता," ताई म्हणाली. "इन्सुलिन कमी पडलं."

पट्टी पुन्हा बांधायला ही खाली बसली. बाईंनी घड्याळाकडे बघितलं, एकदा सांगाड्याकडे, पुन्हा घड्याळाकडे. मग पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढलं. त्यातल्या चार गोळ्या, ओळीने, फोडायच्या राहिलेल्या होत्या.

"चार दिवस दिल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "आता दिली तर चालेल?"

"आधी डॉक्टरांना विचारा. आत्ता, इथूनच," ताई म्हणाली. "धाकट्या, फोन दे त्यांना."

त्या फोनवर बोलत होत्या तोवर मी पाणी आणलं. डॉक्टर म्हणाले, आत्ता एकच द्या आणि उद्या दाखवायला आणा. मुलीने गोळी जिभेवर ठेवली, तोंड वाकडं केलं, आणि गिळली.